मापाचा ब्लाउज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात एक ब्लाउज होता, जो आई कधीही घालत नसे. फिक्या निळ्या रंगाचा, हुक गंजलेला, काखेत विरलेला. तो कपाटात वरच्या खणात ठेवलेला असे आणि वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघे. तो होता ‘मापाचा ब्लाउज’. दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नाला नवे कापड आले, की त्या कापडाच्या घडीत हा ब्लाउज गुंडाळून मला कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडे पिटाळले जाई. काका ब्लाउज उलटा करून पाटावर पसरत, त्याला टेप लावत आणि जुन्या पावतीच्या पाठीवर चार आकडे खरडत. आईला त्यांनी कधी टेप लावला नाही. तशी रीतच नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी ब्लाउज शिवून येई. डावीकडे तो छान बसे. उजवा खांदा मात्र सतत घसरे. स्वयंपाक करताना, देवळात, हळदीकुंकवाला, आई तो खांदा दिवसातून पन्नास वेळा वर ओढी आणि म्हणे, ‘मेलं माझं अंगच वेडंवाकडं!’

पुढे मी शिवण शिकायला गेले. बाईंनी सांगितले, घरातल्या एका माणसाचे माप घेऊन या. मी आईला उभे केले. सतरा वर्षांची मुलगी आईला टेप लावते आहे याचे आईलाच हसू येत होते. माप घेतल्यावर कळले, की तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच उतरता आहे. मी उजव्या खांद्याची शिलाई तेवढी खाली घेतली आणि त्याच हिशेबाने मुंढा खाली सरकवला. एवढेच केले. आईने ब्लाउज घातला, सवयीने हात खांद्यावर नेला आणि म्हणाली, ‘अगं, ओढायला काही राहिलंच नाही की!’ ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. म्हणजे तीसेक वर्षे एका ब्लाउजातली चूक दुसऱ्या ब्लाउजात उतरत राहिली होती आणि तिचा दोष आई स्वतःच्या अंगाला देत होती.

नंतर मी छत्तीस वर्षे पुण्यात शिवणाचा वर्ग चालवला. या काळात एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. बाईचे माप तिच्या अंगावरून न घेता तिच्या जुन्या कपड्यावरून का घेतले जात होते? आणि ते अंगावरून कधीपासून घेतले जाऊ लागले? आज त्याचीच हकीगत सांगायची आहे.

टेप येण्याआधी आपल्याकडे माप नव्हते असे नाही. कापड मोजायला गज होता, त्याचे चोवीस तसू होते. घरगुती व्यवहारात हात आणि वीत होती. शिंप्याचा धंदाही जुना. संत नामदेव याच समाजातले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांतल्या एकात त्यांनी शिंप्याचा गज आणि कात्री यांनाच भक्तीचे रूपक केले आहे. पण गजाने मोजायचे ते कापड. अंगाचे बारकाईने माप घेण्याची फारशी गरजच नव्हती, कारण आपले बरेचसे कपडे गाठीचे आणि बंदांचे होते. बाराबंदीच्या तर नावातच बारा बंद आहेत. अंगरखाही बांधायचाच. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात राहून सवाई माधवरावांची आणि नाना फडणविसांची चित्रे काढली. त्या काळचे पोशाख पाहिले तर आजच्या अर्थाने ‘फिटिंग’चा त्यांत आग्रह दिसत नाही. माणूस सुटला तर बंद सैल करायचा, वाळला तर आवळायचा.

बायकांची चोळीही तशीच. आजच्या कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण आपल्याकडे घरोघर माहीत आहेत. ‘खण’ या शब्दाचा अर्थच एका चोळीपुरते कापड. देवीची किंवा सवाष्णीची ओटी भरताना आपण खण-नारळ देतो, तेव्हा खरे म्हणजे एक न शिवलेली चोळी देत असतो. या खणातून पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या काढायच्या, काखेत हात हलायला लहान तुकडे जोडायचे, काठ बाहीच्या आणि खालच्या कडेला आणायचा. कापड जवळजवळ वाया जात नसे. आणि पुढे गाठ. ही गाठ फार शहाणी होती. सोळाव्या वर्षी, बाळंतपणाच्या आधी, बाळंतपणानंतर, मूल अंगावर पीत असताना अंग बदलत जाई आणि गाठ त्याच्याबरोबर बदले. मापाची जबाबदारी शिंप्यावर कमी आणि नेसणारीच्या बोटांवर जास्त होती.

पण या चोळीचे गुण गाताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिने पाठीचा आणि पोटाचा बराच भाग उघडा राही. घरात आणि शेतात त्यात काही वावगे नव्हते. एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या काही घरांतल्या मुली शाळेत जाऊ लागल्या, बायका सभांना जाऊ लागल्या, तेव्हा त्यांना अंगभर झाकणारे, हात उचलला तरी जागचे न हलणारे काहीतरी हवे होते. त्यातून लांब बाह्यांची जाकिटे आणि पोलकी रूढ होत गेली. पोलके या नावाचे नाते युरोपातल्या पोलका नाचाशी आणि त्यावरून नाव पडलेल्या तिकडच्या जाकिटाशी सांगितले जाते.

कपडा अंगाला आणि हवेला सोयीचा असावा, ही साधी गोष्ट त्या काळी किती अवघड होती, हे डॉ. आनंदीबाई जोशींच्या चरित्रात दिसते. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, पुण्यातला. १८८३ साली त्या वैद्यकी शिकायला अमेरिकेत गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत पोटऱ्या उघड्या ठेवणारे नऊवारी नेसणे त्यांना जड जाऊ लागले, म्हणून त्या गुजराती धाटणीने नेसू लागल्या. एवढ्याशा बदलावरूनही नवऱ्याशी, गोपाळरावांशी, पत्रातून वाद झाला. वैद्यकीच्या विद्यार्थिनीने आपल्या पायांना थंडी वाजते म्हणून नेसण्याची पद्धत बदलली, तर त्याचाही खुलासा करावा लागला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आता टेपकडे येऊ. इंच लिहिलेली, अंगाभोवती वळणारी पट्टी युरोपातल्या शिंप्यांच्या गळ्यात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. त्याआधी तिकडचा शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी घेई आणि छाती, कंबर, हात जिथे येतील तिथे तिला कात्रीने खाच पाडी. म्हणजे प्रत्येक माणसाची पट्टी वेगळी. सर्वांसाठी एकच टेप आला आणि माणसामाणसांची तुलना करणे शक्य झाले. आपल्याकडे १८१७-१८ नंतर पुण्यात लष्कराची छावणी आली. लष्करी कोट अंगाबरोबर बसावा लागतो, त्याला बंद नसतात, बटणे असतात, आणि बटण गाठीसारखे सैल-घट्ट होत नाही. म्हणजे आधी अंग मोजल्याशिवाय कात्री चालवता येत नाही. पुरुषांच्या बाबतीत हे सहज झाले. शिंपी पुरुष, गिऱ्हाईक पुरुष.

बायकांचे काय? त्यांचे पोलके आणि नंतरचा ब्लाउजही गाठीचा राहिला नव्हता. त्यालाही बटणे आणि हुक आले, म्हणजे त्यालाही मोजमाप हवे होते. पण परक्या पुरुषाने घरंदाज बाईच्या छातीला टेप लावायचा, हे कुणाला पटणार? कपडा नव्या जगाचा आणि मर्यादा जुन्या जगाच्या. त्यातून जो तोडगा निघाला, तो म्हणजे मापाची चोळी किंवा मापाचा ब्लाउज, असा मी याचा अर्थ लावते. बाई घरात राहील आणि तिच्या जागी तिचा कपडा दुकानात जाईल. व्यवहार म्हणून तो तोडगा वाईट नव्हता. त्याने बायकांची लाज राखली आणि शिंप्याचे पोटही चालवले. पण कपडा धुऊन आटतो, वापरून ताणला जातो, आणि जो कपडा मुळात चुकीचा बसत होता तोच मूळ प्रत ठरतो. नकलेवरून नक्कल काढत गेल्यावर जे अक्षरांचे होते, तेच खांद्यांचे झाले.

ही कोंडी फुटायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. एक यंत्र आणि दुसरी बाई. इलायस हाउने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही यंत्रे हिंदुस्थानातल्या शहरांत दिसू लागली होती. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास पाहून तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ते शोधले, असे त्यांचे म्हणणे होते. याच वर्षाच्या सुरुवातीला ते पुण्यात ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन तुरुंगातून सुटले होते. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा यंत्रे तयार होऊ लागली आणि पुढे मध्यमवर्गीय घरात खिडकीखाली पायमशीन दिसणे नेहमीचे झाले.

पण यंत्र घरात येऊन भागत नाही. कापायला कुणी शिकवायचे? याचे उत्तर देण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि १८९० साली पुण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो १९०० साली हिंगण्याला गेला. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. या संस्थांनी विधवांना आणि एकट्या पडलेल्या बायकांना लिहिणे-वाचणे शिकवले, नर्स केले, शिक्षिका केले. सेवासदनात शिवणाचे वर्गही चालत. त्या वर्गांकडे आपण नेहमी ‘बिचारीला पोटापाण्याचे साधन मिळाले’ अशा नजरेने पाहतो, आणि ते खरेच आहे. पण माझ्या मते तिथे आणखी एक गोष्ट घडली. बाईने बाईला टेप लावला. जिला शिवता येते अशी बाई आळीत राहू लागली, की बाकीच्या बायकांना मापाचा ब्लाउज पाठवायची गरज उरली नाही. दार लोटून घेतले, पदर खाली ठेवला आणि माप दिले. पाठीचे पोक, एक छाती दुसरीपेक्षा थोडी मोठी, दोन बाळंतपणांनंतर सुटलेले पोट, हे सगळे तिला दाखवता आले, आणि तिला विचारताही आले.

कापण्याचे शास्त्र मराठी माणसांपर्यंत पोहोचवण्यात झारापकरांचे नाव घ्यावेच लागेल. के. आर. झारापकर यांची कटिंगची पद्धत आणि तिची पुस्तके कित्येक वर्गांत वापरली गेली. आमच्याही वर्गातल्या कपाटात त्यांची फाटकी प्रत होती. त्या पिढीच्या पद्धतींचा पाया छातीचे माप हा असे. छातीचा चौथा हिस्सा, सहावा हिस्सा, बारावा हिस्सा असे भाग पाडायचे आणि त्यावरून गळ्याची रुंदी, मुंढा वगैरे बसवायचे. याने केवढी सोय झाली! चार मापांवरून अख्खा ब्लाउज कागदावर उतरू लागला. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली आला तरी आम्ही इंच सोडले नाहीत, ते या हिश्शांच्या सवयीमुळेच.

पण हिश्शांच्या गणितात एक मेख आहे, आणि ती मी दर वर्षी पहिल्याच महिन्यात मुलींना दाखवीत असे. समजा दोन बायका आहेत, दोघींची छाती ३६. एकीची पाठ रुंद आहे, छाती बेताची. दुसरीची पाठ अरुंद आहे, छाती भरलेली. टेप दोघींनाही ३६ च सांगतो, आणि सूत्र दोघींनाही एकच ब्लाउज देते. तो पहिलीला पाठीवर तटतटतो आणि पुढे पोकळ राहतो. दुसरीला मागे चुण्या पडतात आणि पुढे हुक ओढले जातात. दोघी घरी जाऊन एकच वाक्य म्हणतात, जे माझी आई म्हणायची. म्हणून छाती एकाच ठिकाणी मोजू नये. छातीच्या वर, छातीवर आणि छातीच्या खाली, अशी तीन मापे घ्यावीत. वरचे माप आणि मधले माप यांत जितका फरक, तितके कापड टक्समध्ये जास्त घालावे लागते आणि तितकी पुढची उंचीही वाढवावी लागते, कारण कापडाला उंचवट्यावरून जायचे असते. टक्स अगदी टोकापर्यंत नेऊ नये, इंचभर आधी थांबवावा. नाहीतर ब्लाउजला कागदी शंकूसारखे टोक येते.

मुंढ्याबद्दलही एक गैरसमज फार आहे. ‘बाई, हात वर होत नाही, मुंढा मोठा करा,’ असे नव्वद टक्के बायका म्हणत. तेव्हाच्या पीएमटीच्या बसमध्ये दांडी धरून उभे राहायचे म्हणजे हात वर व्हायलाच हवा. पण मुंढा खाली खोल नेला, की हात उचलल्याबरोबर सगळा ब्लाउज वर येतो. मुंढा काखेच्या जवळ ठेवून बाहीला घेर द्यावा, म्हणजे हात एकटा वर जातो आणि ब्लाउज जागेवर राहतो. पटत नसेल तर घरातले दोन ब्लाउज घालून बघा.

पुण्याच्या रस्त्यांनीही आम्हाला शिवण शिकवले आहे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. पुढे मुली आणि मध्यमवयीन बायकाही त्यावरून कॉलेजला, बँकेत, शाळेत जाऊ लागल्या. याच सुमाराला साडीच्या जोडीला पंजाबी ड्रेस रुळत गेला. आणि माझ्याकडे तक्रारी येऊ लागल्या, की पाठीत मुंढ्याच्या शिलाईवर ड्रेस उसवतो. आम्ही शिलाई दुहेरी घातली, तरी उसवे. मग एक दिवस एका मुलीला मी वर्गातल्या खुर्चीवर बसवले आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले. उभे असताना तिच्या पाठीची रुंदी साडेतेरा इंच होती, ती आता पंधराच्या जवळ गेली. आम्ही आजवर उभ्या बाईचे माप घेत होतो आणि ती बाई बसून गाडी चालवीत होती! त्या दिवसापासून मी पाठीचे माप दोनदा घेऊ लागले.

नंतर तयार कपड्यांचे युग आले. त्याला नावे ठेवणाऱ्यांतली मी नाही. स्वस्त, लगेच मिळणारे आणि दहा घालून बघता येणारे कपडे ही सामान्य बाईसाठी मोठीच सोय आहे. पण तिथे माप म्हणजे एक आकडा किंवा एक अक्षर. ते कुणाच्या अंगावरून काढले, हे विचारायला हवे. अमेरिकेच्या सरकारने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची मापे घेतली. प्रत्येकीची एकोणसाठ मापे. १९४१ साली त्याचा अहवाल निघाला आणि पुढे त्यावरून तिकडच्या तयार कपड्यांच्या मापांचे मानक बनले. पण त्या पाहणीत गोऱ्या नसलेल्या बायकांची मापे हिशेबात धरली नव्हती. १९८३ साली ते मानक मागे घेण्यात आले. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, ‘इंडिया साइझ’ नावाने भारतीय अंगांची मोजणी हाती घेतली. सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार स्त्री-पुरुषांना यंत्राने मोजण्याचा तो प्रकल्प. म्हणजे इतकी वर्षे आपण दुकानातल्या आरशासमोर ‘मला काही बसतच नाही’ म्हणत होतो, तेव्हा मोठ्या प्रमाणावर आपले मापाचे ब्लाउज परक्या देशांतून येत होते.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय करावे? शोभून दिसण्याचे नियम पुष्कळ सांगितले जातात. ठेंगणीने रुंद काठ टाळावा, कारण तो उंचीचे दोन तुकडे करतो. साडीच्याच रंगाचा ब्लाउज घातला तर ती उंच वाटते. खांदे उतरते असतील तर रुंद गळा घेऊ नये, मागे खोल हवाच असेल तर नाडी लावावी. दंड भरलेले असतील तर बाही दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपवू नये, कोपराजवळ आणावी. पोक असेल तर पाठीची उंची वाढवावी आणि पुढची थोडी कमी करावी. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावे. हे सगळे नियम खरे आहेत, मीही ते शिकवले. पण यांच्या आधीचा एक नियम आहे. आज अंगावरून नवे माप घ्या. मागच्या वर्षीचे नको, लग्नातल्या ब्लाउजाचे नको. श्वास न रोखता, पोट आत न ओढता उभे राहा. बसणार असाल, गाडी चालवणार असाल, मूल उचलणार असाल, तर तसे करून दाखवा. झाकण्यासाठी शिवलेला कपडा बहुधा झाकायची जागाच दाखवतो. बसण्यासाठी शिवलेल्या कपड्याकडे कुणाचे लक्षही जात नाही आणि बाई तेवढी सुटसुटीत वावरते.

शेवटी एक प्रसंग सांगते. वर्ग बंद करण्याच्या दोन वर्षे आधी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, शांत. भाचीचे लग्न होते, जांभळ्या पैठणीवर ब्लाउज हवा होता. त्यांनी पिशवीतून कापड काढले आणि त्यावर एक जुना ब्लाउज ठेवला. म्हणाल्या, ‘यावरून शिवा. पुढचं मी बघून घेईन.’ मी नेहमीप्रमाणे म्हटले, ‘ताई, माप अंगावरून घेऊ या.’ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बाई, हा ब्लाउज ऑपरेशनच्या आधीचा आहे.’ कर्करोगामुळे त्यांची डावी छाती काढली होती. दीड वर्ष त्या जुन्या ब्लाउजांत रुमाल कोंबून वावरत होत्या. रुमाल सरके, आणि लग्नकार्यांना जायचेच त्यांनी सोडून दिले होते.

मी दार लोटले. त्यांनी पदर खाली घेतला आणि त्यानंतर आम्ही दोघीही काही बोललो नाही. मी दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी घेतली, आणि त्या बाजूच्या हाताचेही, कारण अशा ऑपरेशननंतर हाताला सूज येऊ शकते आणि घट्ट बाही बोचते. गळा दोन्हीकडे एक बोट वर घेतला. अस्तराला आतून मऊ सुती कापडाचा कप्पा केला, त्यात बसेल अशी गादी भरली आणि ती हलू नये म्हणून कप्प्याचे तोंड हुकाने बंद केले. व्रणावर शिलाई येणार नाही, अशी बाजूची शिवण मागे सरकवली. चार दिवस लागले. एरवी एका दिवसाचे काम.

त्यांनी ब्लाउज घातला आणि आरशात पाहिले. मग हात वर केले, खाली केले, जणू बसची दांडी धरून पाहत होत्या. डोळ्यांत पाणी आले, पण त्या हसल्या आणि एकच व्यवहारी प्रश्न विचारला, ‘आत माया ठेवली आहे ना? मी आता जाड होणार आहे.’

आपल्या भाषेत शिलाईच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणतात. अंग उद्या बदलेल हे धरून आज ठेवलेली जागा. खणाच्या चोळीत ती गाठीत होती, शिवलेल्या ब्लाउजात ती शिवणीच्या आत असते. तयार कपड्यांत ती बहुधा नसते, कापड वाचवायचे असते ना! मी त्यांना सांगितले, ‘दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवली आहे.’

त्या जाताना तो जुना ब्लाउज टेबलावरच विसरल्या. मी हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, ‘राहू द्या बाई. पुसायला होईल.’